मुद्दा तिसरा: तपासणीत काहीच सापडत नाही

विमानतळावरची सुरक्षा तपासणी हा निव्वळ देखावा असतो, असं मी पत्रक काढून जाहीर केलं आणि त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी मी आयुष्यात पहिल्यांदा विमानतळ पाहिला.

(अभ्यास कमी पडला असं कुणी म्हणू नये. पत्रकासाठी मी दोन प्रवाशांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एक माझी मैत्रीण, दुसरा तिचा भाऊ. दोघे एकाच विमानानं गेले होते हे खरं, पण मी प्रश्न वेगवेगळे विचारले होते!)

पत्रक ही आमच्या घरातली मुख्य वस्तू. बाबा इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते आणि गेटवर जे पत्रक हातात पडेल ते नीट घडी करून घरी आणायचे. पगारवाढीचं, संपाचं, हुंडाबंदीचं, विहारातल्या व्याख्यानाचं. एप्रिलात जयंतीला आम्ही महूला जायचो तेव्हा बाकीची मुलं फुगे आणत, मी पिशवीभर पत्रकं आणायची. त्यांवरच मी वाचायला शिकले. आमच्या घरात एखादी गोष्ट खरी आहे की नाही याची कसोटी एकच: छापून आली आहे का? आणि पत्रकांवर वाढल्यामुळे मला साधं वाक्य कधी जमलंच नाही. वरणात मीठ कमी असलं तर मी "मीठ दे" असं म्हणायची नाही. "हे आणखी किती दिवस सहन करायचं?" असं म्हणायची.

घरातली दुसरी मुख्य वस्तू म्हणजे किट तपासणी. आजोबा महूच्या छावणीत सुभेदार होते. ते गेले, तपासणी मागे ठेवून गेले. मानपुरला मावशीकडे जायचं असलं, म्हणजे बसनं तासा-दीड तासाचा रस्ता, तरी आदल्या दिवशी हॉलमध्ये चादर अंथरायची, प्रत्येकानं आपलं सामान तिच्यावर ओळीत मांडायचं आणि बाबा यादी घेऊन एकेका वस्तूपुढे उभे राहणार.

"हे काय?"

"टॉवेल."

"आणि हे?"

"दुसरा टॉवेल."

"का?"

उत्तर पटलं नाही की टॉवेल चादरीबाहेर. अपील नाही.

सातवीत असताना मी याविरुद्ध माझं पहिलं पत्रक काढलं: 'बॅग माझी, हक्क माझा!' हस्तलिखित, एकच प्रत, फ्रिजवर चिकटवलेली. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "मुद्देसूद आहे." त्या दिवसापासून घरातली एक बॅग तपासणीतून कायमची मुक्त झाली. माझी. मी त्याला चळवळीचा विजय समजत आले. या विजयाचा खरा फायदा घरातले बाकीचे लोक घेऊ शकतात, हे कळायला मला बारा वर्षं आणि एक एक्स-रे मशीन लागलं.

झालं असं, की माझी ताई बंगळुरूला असते आणि तिचे दिवस भरले होते. बाळ पोटात आडवं बसलं होतं (आमच्याच घराण्यातलं ते!), म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनची वेळच देऊन टाकली: शुक्रवार, दुपारी तीन. शाळेत असताना जिला पोरं घाबरायची ती माझी ताई फोनवर रडायला लागली.

"आई, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. खाट पकडून बसेन मी!"

"बस पकडून. मी येतेच," आई म्हणाली. फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, की बंगळुरू मानपुरच्या थोडं पुढे आहे.

जिजाजींनी तिघांची तिकिटं पाठवली. शुक्रवारी सकाळी पावणेदहाचं विमान, दीड-दोनपर्यंत दवाखाना. त्या दिवशी वेळेत पोचवणारं तेवढं एकच. तिकिटांबरोबर हातातल्या बॅगेत काय चालत नाही याची यादीही आली, आणि ती वाचताना माझं डोकं फिरलं. नागरिकाला आधी संशयित ठरवायचं, मग त्याला पट्टा सोडायला लावायचा! त्याच संध्याकाळी मी लिहायला बसले. भंवरकुआंला मी एका कोचिंगमध्ये नागरिकशास्त्र शिकवते. तिथल्या फोटोकॉपीवाल्याकडून दीडशे प्रती काढल्या. शीर्षक: 'सुरक्षेचं सोंग'. एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी. हिंदी सौम्य होतं, मराठी मनापासून होतं. एकूण पाच मुद्दे. त्यातला तिसरा ठळक अक्षरांत: 'या तपासणीत काहीच सापडत नाही! सापडतो तो फक्त आपला मुकाटपणा!!'

घरी दोघांनी पत्रक वाचलं. आईनं तर तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवून दोनदा विचारलं, "मतलब खरंच काही सापडत नाही?"

"काही नाही, आई. नुसतं सोंग आहे."

"हौ?" आई म्हणाली आणि पत्रक घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. माझ्या लेखणीनं पहिल्यांदाच घरातला वाचक हलवला, या आनंदात मी दोन दिवस होते.

गुरुवारी चादर अंथरली गेली. बाबांनी विमान कंपनीची यादीही हातात घेतली होती, त्यामुळे त्यांना दोन सैन्यांचं बळ आलं होतं. आईनं तिळाच्या तेलाची बाटली मांडली.

"हे काय?"

"बाळाच्या मालिशसाठी."

"बंगळुरूत तेल मिळत नाही?"

"घाण्याचं मिळत नाही."

"सांडलं तर दुपट्यांचं काय होईल? बाहेर."

तेवढ्यात समोरच्या घरातली चाची आली. ती अस्सल मालवी. आईची वीस वर्षांची मैत्रीण. तिनं पदराखालून एक अडकित्ता काढून चादरीवर ठेवला. काळा, लोखंडी, सुपारी काय हाडही कातरेल असा. "छोरी के तकिये के नीचे धर देना. लोहा पास रहे तो बच्चे को नजर नी लगे. म्हारी सासू को है यो, सात जापे करवा चुको." (जापे म्हणजे बाळंतपणं.)

झालं! बाबा उभे राहिले. बाबांनी आयुष्यात तीन विषयांवर भाषणं केली आहेत, त्यातला हा पहिला. नजर, दृष्ट, लोखंड, विज्ञान. वीस मिनिटं! आमच्या घरात बाळाला लस मिळेल, लोखंड नाही. चाचीनं शांतपणे ऐकून घेतलं, चहा प्यायली आणि गेली. अडकित्ता चादरीबाहेर. (मी मधूनमधून टाळ्या वाजवत होते. अंधश्रद्धेवर माझी स्वतःची दोन पत्रकं आहेत.)

मग बाबांनी असं काही केलं, की माझा ऊर भरून आला. त्यांनी स्वतःचं सामान तपासलं. त्यात त्यांचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता. लेथवर त्यांनी स्वतः मूठ घडवलेला, एकतीस वर्षं खिशात वागवलेला. जिजाजींनी मागवलेला पाळणा सुट्या भागांत आला होता आणि तो जोडणं हे आजोबा म्हणून बाबांचं पहिलं काम होतं. त्यांनी पेचकस हातात धरला, यादी पाहिली.

"यादीत 'अवजारं' लिहिलंय," ते स्वतःला म्हणाले.

"ती हातातल्या बॅगेसाठी आहे, बाबा. मोठ्या सुटकेसमध्ये चालतं."

"मग उद्या तुझी आई म्हणेल, तेल पण चालतं. नियम म्हणजे नियम!" आणि पेचकस कपाटावर गेला. सुटकेसला आजोबांचं छावणीतलं लोखंडी कुलूप लागलं, कुलपावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बाबांची सही. किल्ली मात्र आईच्या जुडग्यात. ती आजोबांच्या काळापासून घरातल्या बाईकडेच असते. म्हणजे आईला सुटकेस उघडायची तर बाबांची सही फाटणार, आणि बाबांना उघडायची तर आईपुढे हात पसरावा लागणार. अशी पक्की व्यवस्था! कुणी काही लपवू म्हटलं तर घरात जागा उरली होती एकच, आणि ती माझ्या खांद्याला लटकत होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा आईनं सातव्यांदा वेळ विचारली. सुटकेस आत गेली. समोर सुरक्षा तपासणीची रांग. मी वही काढली. परीक्षकानं रिकाम्या हातानं जाऊ नये. दोन रकाने आखले होते: 'सापडलं' आणि 'निसटलं'.

"प्रज्ञा, किती वाजले?"

"आठ पन्नास."

"ही रांग हलत का नाही?"

"कारण, आई, हा देखावा आहे. देखाव्याला वेळ लागतो."

ताईचा फोन आला. "निघालात?" "निघालो." "बसलात?" "रांगेत आहे." "कसल्या रांगेत? आई, मला घाबरायला होतंय गं." आईनं मला फोन दिला, माझ्याकडून परत घेतला, रांगेच्या पुढे जाऊन पाहून आली, परत आली. तिचा एक पाय बंगळुरूत आणि एक इंदूरमध्ये होता. बाबा मात्र खुशीत. पट्टा सोडून ट्रेमध्ये गुंडाळून ठेवताना ते म्हणाले, "शिस्त आहे हो इथे." मी वहीत लिहिलं: 'जनता किती सहज शरण जाते!'

आईचं पाकीट मशीनमधून गेलं. त्यात किल्ल्यांचा जुडगा पाहून तिथल्या माणसानं नुसती मान हलवली: जाने दो. मी 'सापडलं'च्या रकान्यात शून्य लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मग माझी बॅग आत गेली.

आणि थांबली.

मशीनचा पट्टा मागे गेला. पुन्हा पुढे आला. पुन्हा मागे. मशीनवरच्या माणसानं मान तिरकी केली आणि दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानं तिसरीला. तिसऱ्या म्हणजे गणवेशातल्या एक बाई, पस्तिशीच्या, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही.

"ये बैग किसका है?"

मी हात वर केला. सभेत करतात तसा, मूठ वळून.

"खुद पैक किया है?"

"जी. पूरा का पूरा."

"किसी ने कुछ रखने को दिया?"

"मॅडम, मेरे बैग को मेरे घर में भी कोई हाथ नहीं लगाता. ये उसूल की बात है!"

मागे आई खोकली. बाबा एकदम भिंतीवरची अग्निशमनाची सूचना वाचायला लागले.

बाईंनी हातमोजे घातले. सगळ्यात वर पत्रकांचा गठ्ठा. "ये क्या?"

"विचार," मी म्हणाले.

विचार बाजूला ठेवले गेले. त्याखाली एक पुडी. आता इथे मला कबूल केलंच पाहिजे, की ती पुडी माझीच होती. ताईनं चोरून सांगितलं होतं: "प्रज्ञा, आईला कळू देऊ नको, पण जीरावन आण. इथलं सगळं जेवण दवाखान्यासारखं लागतं यार." जीरावन म्हणजे आम्हा इंदूरच्या लोकांचा तो तिखट-आंबट मसाला, जो आम्ही पोह्यांपासून पपईपर्यंत कशावरही भुरभुरतो. बाईंनी पुडी नाकाजवळ नेली, तीनदा शिंकल्या. "मिर्ची-मसाला केबिन में नहीं जाएगा."

"जीरावन?" आई ओरडली. "बाळंतिणीला? अगं, कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही!" मी म्हणाले. चळवळीत नावं सांगत नाहीत.

पुढची वस्तू माझ्या निळ्या कुर्त्यात गुंडाळलेली होती. उलगडली. अर्धा लिटर तिळाचं तेल.

"हे माझं नाही!" मी म्हणाले.

"अभी आपने बोला, खुद पैक किया."

"हो, पण..."

"घाण्याचं आहे," आई हळूच म्हणाली.

"आई!!"

"अशी काय ओरडतेस? तूच म्हणालीस ना काही सापडत नाही म्हणून? छापून दिलंस! मी दोनदा विचारलं तुला!"

बाबा अग्निशमन सोडून पुढे आले. चेहऱ्यावर सुभेदार उतरलेले. "तपासणीत बाहेर काढलेली वस्तू पुन्हा आत? घरातल्या माणसानं? अगं, मी सही केली होती चिकटपट्टीवर! विश्वास नावाची काही..."

तेवढ्यात बाईंनी बॅगेतल्या माझ्या डाव्या चपलेतून पेचकस काढला. उजव्या चपलेतून पाना.

बाबांनी पेचकसाकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू दोघांची ओळखच नाही.

"अहो," आई म्हणाली, "हा तर कपाटावर होता ना?"

"पाळणा..." बाबा म्हणाले. "त्या डब्यातले स्क्रू हलके असतात. नीट आवळायला..." मग माझ्याकडे वळून, एकतीस वर्षं संघटनेत काढलेल्या माणसाच्या दुखावलेल्या आवाजात: "तिसरा मुद्दा तू ठळक अक्षरांत छापला होतास, प्रज्ञा."

माझ्या आयुष्यात माझ्या पत्रकावर विश्वास ठेवून कृती करणारे दोनच वाचक निघाले, आणि ते दोघे माझ्या शेजारी उभे होते!

वरच्या भोंग्यातून दुसरीच कुणी बाई बोलली, की बंगळुरूच्या विमानात लोक बसायला लागले आहेत. आईनं माझं मनगट धरलं. "चल ना गं, लवकर! झालं ना आता?" पण झालं नव्हतं. बाईंनी बॅगेच्या तळाशी हात घातला. तिथे अंधश्रद्धा-निर्मूलनाच्या माझ्या जुन्या पत्रकांचा एक पुडका मी ताईच्या शेजाऱ्यांसाठी ठेवला होता. पुडका जरा जड वाटला, म्हणून त्यांनी सोडला. 'भानामती: एक थोतांड' आणि 'नजर कुणाची, डोकं कुणाचं?' यांच्या बरोबर मधोमध चाचीच्या सासूचा अडकित्ता!

आता बाबांना आवाज सापडला. "हा? माझ्या घरात? माझ्या नातवंडाच्या उशाशी?"

"तुमच्या पेचकसाला जागा आहे आणि माझ्या लोखंडाला नाही का? पेचकस काय सागवानाचा आहे?"

"तो विज्ञानाचा आहे!"

"दिसलं विज्ञान! चपलेत लपलं होतं!"

रांगेतले लोक आता उघड उघड ऐकत होते. मला काहीतरी करणं भाग होतं. मी पत्रकातल्यासारखी पुढे झाले. "मॅडम, कौनसे नियम से? लिखित दीजिए. और इस सामान की रसीद?" आणि आईकडे वळून, मराठीत, कारण मराठी आपल्यातली: "तू घाबरू नको. यांना काय कळतंय? नुसतं सोंग आहे. हिच्या तोंडावरची माशी हलत नाही, आणि ही म्हणे देशाचं रक्षण करणार!"

बाई ट्रेमध्ये चार वस्तू ओळीत मांडत होत्या. जीरावन, तेल, पेचकस-पाना, अडकित्ता. अगदी चादरीवर मांडतात तशा. मग त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं पत्रक उचललं. हिंदी बाजू पाहिली. उलटलं. मराठी बाजू वाचायला लागल्या. ओळीवरून बोट फिरवत, ओठ हलवत.

"मी थांबते!" मी घोषणा केली. आवाज उत्तम लागला. "बॅग माझी, जबाबदारी माझी. आई-बाबा, तुम्ही जा! ताईला सांगा, प्रज्ञा तत्त्वासाठी मागे राहिली!"

"कोणी थांबत नाही," बाई म्हणाल्या. "थांबतील त्या ह्या वस्तू फक्त."

मराठीत!

"वर्ध्याची आहे जी मी," त्या पत्रकावरून नजर न काढता म्हणाल्या. "केव्हाची ऐकून राहिली. काऊन एवढं भांडून राहिले बापा? कोणाचं दुखते-खुपते काय तिकडे?"

मग आईच पुढे झाली. ट्रे ओलांडून तिनं बाईंचा हातमोज्यातला हात धरला. "माझी पोरगी ऑपरेशनला जाणार आहे. तीनला. मी आल्याशिवाय जात नाही म्हणते. तुमचं जे ठेवायचं ते ठेवा, बाई. मलाही ठेवून घ्या नंतर. पण आत्ता जाऊ द्या." आणि तिनं स्वतः अडकित्ता उचलून जमा करायच्या डब्यात टाकला. वीस वर्षांच्या मैत्रिणीच्या सासूचा. ठण्ण! मागोमाग तेलाची बाटली. बाबांनी पेचकस मुठीत धरला, अंगठ्यानं मूठ पुसली, एकदा हवेतच अर्धा फेरा फिरवला आणि ठेवला. पाना त्यांनी पाहिलाही नाही. उरली पुडी. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी जीरावन टाकलं. (मुठीला लागलेलं चाटलं. तेवढा माणसाला हक्क आहे!)

"जा आता, पळा," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबा."

मी थांबले. त्यांनी पत्रक माझ्यापुढे धरलं आणि खिशातलं पेन दिलं. "चांगलं लिहिता. बूट काढायचा मुद्दा बराबर आहे, म्हाताऱ्या माणसाले त्रास होते. हा तिसरा तेवढा खोडा."

"एका प्रतीवर?"

"किती आहेत?"

"दीडशे."

"मग विमानात बसून खोडा. दोन तास आहेत तुमच्यापाशी."

मी एक प्रत तिथेच खोडली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली, आणि मग माझ्या उघड्या वहीकडे हनुवटीनं खूण केली. 'सापडलं'च्या रकान्यात शून्य, खाली दोन रेघा. त्या बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हाही माशी हलली नाही, हे मात्र माझं निरीक्षण बरोबर निघालं.

आम्ही धावलो. बाबांचा पट्टा हातात, आईची एक चप्पल हातात, माझी उरलेली पत्रकं छातीशी. विमानाच्या दारात आम्ही शेवटचे तिघे. बसल्यावर बाबांनी पुढचं छोटं टेबल उघडलं, त्यावर रुमाल अंथरला आणि म्हणाले, "आता खरं सांगायचं. आणखी कुणाकडे काय आहे?" आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी पेन काढून तिसरा मुद्दा खोडायला लागले. बाबाही खोडू लागले. त्यांच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ येत होत्या. अर्ध्या वाटेत कुठेतरी (मला खाली सगळं एकसारखंच दिसत होतं) आमची साठ पत्रकं झाली.

दोन वाजून दहा मिनिटांनी आई दवाखान्याच्या खोलीत शिरली. ताई खरंच खाट पकडून बसली होती. दोन्ही हातांनी. नर्स कंटाळून दारात उभी. आईनं ताईचं एकेक बोट खाटेवरून सोडवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तो हात सुटला नाही. सव्वातीनला मुलगी झाली. तिचा पहिला आवाज दाराबाहेर आला, तेव्हा बाबा म्हणाले, "घोषणा देतेय," आणि मग चष्मा पुसायला लागले तो बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवायला गेली होती, ताई डोळे मिटून पडली होती आणि बाळाजवळ मी. बाबा जिजाजींच्या घरी पाळण्याशी झुंजत होते (जिजाजींनी पेचकसांचा अख्खा संच पुढे केला होता; बाबांनी एकेक हातात घेऊन "मूठ नाही बसत" म्हणून परत केला) आणि शिवाय एक नवीनच गोंधळ झाला होता. सुटकेस उघडत नव्हती. दुपटी, लंगोट, डिंकाचे लाडू सगळं आत, आणि आजोबांच्या कुलपाची किल्ली आईच्या जुडग्यातून गायब! "माझ्याकडे नाही बाई," एवढंच आई कालपासून म्हणत होती. बाबांनी मला बजावून पाठवलं होतं: खोलीत सगळीकडे शोध.

मी शोधलं. पाकीट, टेबल, खाटेखाली. मग बाळाची तळहाताएवढी उशी जरा सरळ करायला गेले, तर खाली काहीतरी टोचलं. लांब, काळी, जाड. छावणीतली. लोखंडी.

म्हणजे माझी आई विमानतळावर माझ्यासमोर, मशीनसमोर, तीन गणवेशांसमोर लोखंड घेऊन गेली होती, आणि तेही नियमात बसवून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोक्यात पत्रक तयार व्हायला लागलं: 'एका दिवसाच्या नागरिकाच्या उशाशी...' मी किल्ली उचलली आणि टेबलावर ठेवली. ठक्!

बाळ शिंकलं.

योगायोग, मी म्हणाले. दवाखान्यात धूळ असते. याला शास्त्रीय कारणं आहेत, पहिलं कारण...

बाळ पुन्हा शिंकलं. आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ बाहेर काढून.

मी दाराकडे पाहिलं. आई नव्हती. बाबा नव्हते. वर्ध्याच्या बाई नव्हत्या. मी किल्ली उचलली, कुर्त्याला पुसली आणि उशीखाली परत ठेवली. नुसती. तात्पुरती. जागा रिकामी होती म्हणून.

"थोडी आत सरकव," डोळे न उघडता ताई म्हणाली. "बाहेरून दिसतेय. संध्याकाळी बाबा येतील."

मुद्देसूद होतं. मी आत सरकवली. तेवढ्यात फोन वाजला.

"सापडली का किल्ली?" बाबा.

"नाही, बाबा."

"नीट तपासलंस ना? मतलब, किट तपासणीसारखं?"

"कोपरा न् कोपरा, बाबा," मी म्हणाले. "तपासणीत काहीच सापडलं नाही."